मुलीचे नाव : घरचे आणि दप्तरातले

माणूस जन्मभर जे वागवतो, त्यात त्याचे नाव हीच एक गोष्ट अशी आहे की जिच्या निवडीत त्याला कधी विचारले जात नाही. बाराव्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकून तान्ह्या मुलीच्या कानात जे पुटपुटते, तेच पुढे शाळेच्या हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर आणि सातबाऱ्यावर चढत जाते. आणि ते नाव पंचक्रोशीत कोणी ऐकलेले नसले, तर त्याचा उच्चार शिकवणे, त्याचे अक्षरलेखन दुरुस्त करून घेणे आणि त्याचे कारण सांगत राहणे, ही तिन्ही कामे त्या मुलीच्या वाट्याला येतात.

‘कियारा’ हे नाव अलीकडे महाराष्ट्रातल्या बारशांना परिचित झाले आहे. त्याचा एक उगम इटलीतील असिसी नगरीच्या संत कियारा (११९४–१२५३) यांच्यापर्यंत पोचतो. आपल्याकडे मात्र ते हिंदी चित्रपटांच्या वाटेने आले. अभिनेत्री कियारा अडवाणी यांचे जन्मनाव आलिया. त्या नावाची दुसरी अभिनेत्री आधीच प्रसिद्ध असल्यामुळे त्यांनी २०१० सालच्या एका चित्रपटातील नायिकेचे नाव स्वीकारले. ही निवड त्यांनी जाणत्या वयात, स्वतःच्या व्यवसायाचा विचार करून केली. शिराळ्याच्या एखाद्या वाडीवर हेच नाव तान्ह्या मुलीला ठेवले, तर आजीच्या जिभेवर ते वळेपर्यंत काही महिने जातील आणि कारकुनाच्या लेखणीखाली त्याची दोन-तीन रूपे होतील, हे खरे. परंतु त्यामागे कोणाची तरी हौस उभी असते, आणि ती त्या मुलीला कळते.

याच मुलखात नावामागे हौसेचा लवलेशही नसण्याचा प्रकार दीर्घकाळ चालला. शिराळा १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीत, गेले. त्यापूर्वी ते सातारा जिल्ह्यातच होते, आणि जिल्ह्याची हद्द बदलली म्हणून रीत बदलत नाही. मुलावर मुले दगावली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू म्हणावे, म्हणजे मृत्यूची दृष्ट त्याच्याकडे वळणार नाही, ही जुनी समजूत. तिच्यातले ओबडधोबड नाव हे मुलाचे कवच असे. लागोपाठ मुलीच झाल्या की शेवटचीला ‘नकुशी’ म्हणावे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल, या समजुतीत मात्र रक्षण करावयाचे होते ते अजून न जन्मलेल्या मुलाच्या जागेचे, आणि त्याची किंमत हयात मुलीकडून रोज वसूल होत असे. तामिळनाडूत ‘वेंडाम’, हरियाणात ‘भतेरी’, बंगालमध्ये ‘आन्नाकाली’ ही याच वंशातील नावे. सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१ साली ८५१ आणि २०११ साली ८६७ मुली होत्या. त्या आकड्यांशेजारी हे नाव ठेवले म्हणजे त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, आणि त्यांतील कित्येकींनी आपले नाव आपणच निवडले. बारशाच्या वेळी ज्यांना विचारले गेले नव्हते, त्यांना या वेळी विचारण्यात आले, हे या समारंभाचे खरे मोल होय.

मूल ते नाव कसे वागवील, हा विचार इटलीत नोंदीच्या वेळीच होतो. तेथील २००० सालच्या नागरी नोंदणीच्या नियमांनी हास्यास्पद अथवा लज्जास्पद नाव, तसेच हयात बापाचे किंवा हयात भावंडाचे नाव अपत्यास देण्यास मनाई केली आहे. नाव लिंगाशी सुसंगत असावे, या अटीमुळे मिलानमधील एका दांपत्याला २०१८ साली, मुलीचे नाव ‘ब्लू’ ठेवले म्हणून, न्यायालयाचे बोलावणे आले. उलट ‘आंद्रेआ’ हे परंपरेने पुरुषाचे नाव मुलीस ठेवण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मुभा दिली. सरकारने इतके लक्ष घालावे काय, याविषयी मतभेद संभवतो; तथापि नाव ही अपत्याची मिळकत असून आईबाप तिचे केवळ विश्वस्त आहेत, हे त्यामागील तत्त्व आपणही स्वीकारण्याजोगे आहे.

आपल्याकडे १९६९ च्या कायद्यान्वये जन्माची नोंद नावाविनाही होते. पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव दाखल करता येते. विचाराला एवढा अवकाश असताना घाई करण्याचे कारण नाही. नाव अपरिचित असेल तर जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार यांत एकच अक्षरलेखन राखावे, नाहीतर पुढे राजपत्रापर्यंत अर्जफाटे करावे लागतात. लग्नात तबकातील तांदळांवर नवरदेव अंगठीने नवे नाव लिहितो, ती केवळ वहिवाट आहे, कायद्याचा हुकूम नव्हे. जन्मनाव राखण्यास कोणाचीही हरकत चालत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव महाराष्ट्राच्या शासकीय दस्तऐवजांत येऊ लागले आहे. तेव्हा नाव ठरविताना आईचे मतही तितक्याच अगत्याने घेतले जावे, हे ओघानेच आले. नाव दुर्मीळ असावे की रूढ, हा आवडीचा प्रश्न आहे. ते उच्चारताना मुलीची मान ताठ राहील की नाही, हे मात्र ठेवणाऱ्याने आधीच पाहिले पाहिजे.