लांबचा रस्ता, पण लवकर पोच

भूगोलाच्या तासाला वापरतात तो पृथ्वीचा गोल घ्या. त्यावर दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सॅन फ्रान्सिस्को शोधून दोन्हींमध्ये एक दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट पकडतो. तो दिल्लीहून जवळजवळ उत्तरेलाच निघतो, तिबेट व सैबेरिया ओलांडून थेट आर्क्टिक महासागरावर जातो आणि अलास्कावरून खाली येतो. अंतर भरते सुमारे १२,४०० कि.मी. भिंतीवरच्या सपाट नकाशाकडे पाहून ही वाट सहसा सुचत नाही!

पण या वाटेवर तिबेटचे पठार आडवे येते. विमानातील हवेचा दाब अचानक घसरला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून वैमानिकाला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. येथे तर जमीनच त्याहून उंच. म्हणून वळसा घेणे आले.

एअर इंडियाचे विमान पूर्वी युरोप व अटलांटिक महासागरावरून जाई. तो मार्ग सुमारे १३,९०० कि.मी.चा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रथमच उलट्या बाजूने, पॅसिफिक महासागरावरून गेले. अंतर झाले १५,३०० कि.मी., म्हणजे १,४०० कि.मी. जास्त. तरीही ते साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोचले.

हे कसे? नावाडी प्रवाहाबरोबर निघाला की थोड्या श्रमात दूर जातो, तसेच हे आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. उष्ण कटिबंध व ध्रुवप्रदेश यांच्या तापमानांतील फरक आणि पृथ्वीचे परिवलन ही त्यांची कारणे. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते मागून रेटतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात.

आता भागाकार करा. १५,३०० भागिले १४.५ म्हणजे ताशी सुमारे १,०५५ कि.मी. हा जमिनीच्या सापेक्ष सरासरी वेग झाला. गंमत अशी, की त्या उंचीवरच्या उणे ५५ अंश सेल्सियस हवेत ध्वनीचा वेगही ताशी साधारण १,०६० कि.मी.च असतो. मग विमान ध्वनीच्या वेगाला टेकले काय? मुळीच नाही. ध्वनी हवेतून जातो, म्हणून तुलना हवेच्या सापेक्ष वेगाशी करायची. आणि तो ताशी ९०० कि.मी.च्या आसपासच होता. बाकीचे काम वाऱ्याचे. इंधनाचा हिशेबही हवेतल्या तासांवर चालतो. इंजिने दोन तास कमी चालली, म्हणजे कित्येक टन इंधन वाचले.

जाता जाता एक कोडे. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असते. रविवारी पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघून साडेचौदा तासांनी तेथे उतरलात, तर तेथे किती वाजले असतील? सकाळचे ६, आणि वारही रविवारच!