गाडीचा पिकअप का अडखळतो?

कारंजा लाड येथील प्रवेशमार्गावरून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या मोटारीला थोड्याच अंतरात मोठा वेग गाठावा लागतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. मोटारींसाठी येथील कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. मार्गात शिरणारी गाडी ताशी ६० वर असताना मागून १२० च्या वेगाने दुसरी येत असेल, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक घटते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी तीन सेकंद अडखळली, तर सुमारे ५० मीटर अंतर संपलेले असते. मंगरुळपीर किंवा दारव्ह्याच्या रस्त्यावर मालाने भरलेला ट्रक ओलांडतानाही हाच धोका संभवतो. त्यामुळे ‘गाडी जरा मिसिंग मारते’ म्हणून या दोषाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

दोष नेमका कशात?

पेट्रोल इंजिनाला वजनाने एक भाग पेट्रोलमागे सुमारे १४.७ भाग हवा आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच झडप उघडून हवा वेगाने आत शिरते. त्याच क्षणी इंधनही वाढावे लागते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत हे काम एक छोटा पंप करीत असे. आताच्या गाड्यांत संवेदक हवेचा अंदाज घेतात आणि इंजिनाचा संगणक त्यानुसार इंजेक्टरमधून इंधन सोडतो. हवा, इंधन आणि ठिणगी यांपैकी एकानेही उशीर केला, तरी गाडी झटका देते किंवा क्षणभर दम धरते.

आधी निरीक्षण, मग पाना

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी मालकाने काही गोष्टी टिपून ठेवाव्यात. दोष इंजिन थंड असताना जाणवतो की तापल्यावर? सुरुवातीलाच जाणवतो की चढावर, भार पडल्यावर? इंजिनाचा आवाज आणि फेरे वाढतात, पण गाडी पळत नाही, असे असेल तर दोष बहुधा इंजिनाचा नसून क्लच घसरत असतो. भार पडल्यावरच झटके येत असतील, तर प्लग, कॉइल किंवा इंधनाचा दाब यांवर संशय घ्यावा. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर ठिणगी वारंवार चुकत असल्याची ती सूचना असते. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करू शकते. म्हणून तशी गाडी रेटू नये.

गेल्या दशकातील बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडण्याची जागा असते. स्कॅनरवर दिसणारा संकेतांक दोषाची दिशा दाखवतो. कोणता भाग बदलावा हे मात्र सांगत नाही. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा अधिक, इंधन कमी. त्याचे कारण फाटलेली व्हॅक्यूम नळी, मळलेला हवेचा संवेदक किंवा दमलेला पेट्रोल पंप यांपैकी काहीही असू शकते. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी वा ज्वलन चुकत आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहावी. संकेतांक ‘पी०३०२’ झाला, तर दोष कॉइलचाच ठरतो. या पडताळणीसाठी नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

स्वस्तातून महागाकडे

तपासणीचा क्रमही असाच हवा. कापूस-सोयाबीनच्या हंगामातील धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो. तो प्रथम पाहावा. त्यानंतर प्लग, नळ्या आणि थ्रॉटल बॉडीतील काजळी तपासावी. हवेचा संवेदक केवळ त्यासाठीच्या फवाऱ्याने स्वच्छ करावा. फडक्याने पुसल्यास त्यातील नाजूक तार तुटू शकते. याउपर दोष राहिला, तर इंधनाचा दाब मोजावा. डिझेल गाडीत टर्बोची सुटलेली नळी, काजळीने भरलेली ईजीआर झडप आणि चोंदलेला इंधन फिल्टर हे नेहमीचे संशयित होत.

इंधनाचाही विचार करावा लागतो. आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. संगणक असलेली गाडी मिश्रण बऱ्याच अंशी सांभाळून घेते. कार्बुरेटरच्या गाडीला ते जमत नाही. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने खराब होण्याची शक्यता असते. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढताच अडखळू लागली, तर इंजिन उघडण्यापूर्वी टाकीतील पेट्रोल तपासलेले बरे.

तपासणी न करता अंदाजाने प्लग, मग पंप, मग संवेदक असे भाग बदलत जाण्याने खर्च वाढतो आणि दोष तसाच राहू शकतो. मोजून निदान करणाऱ्या मिस्त्रीची मजुरी थोडी अधिक असली, तरी ती अखेरीस स्वस्त पडते. दोष दूर झाल्याची खात्री मोकळ्या रस्त्यावर करून घ्यावी आणि तोवर द्रुतगती मार्गावर गाडी नेऊ नये. मार्गातच दोष उद्भवला, तर धोक्याचे दिवे लावून गाडी डाव्या कडेला घ्यावी आणि प्रवाशांनी उतरून कठड्याबाहेर उभे राहावे.