विहाराच्या तळ्यांचे बांध

धरण म्हटले की साळावली डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पाणी थोडे तेथे धोकाही थोडा, हा जो समज रूढ झाला आहे, तो घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआजवळ केली बार्न्स नावाचा मातीचा एक बांध होता. उंची सुमारे 38 फूट. तेथील वीजनिर्मिती 1957 साली थांबली आणि तळे केवळ विहारापुरते उरले. ज्या पाण्यावर कोणाचा व्यवहार चालत नाही, त्याचा बांध पाहावयास कोण जाणार? उतारावर झाडे माजली. 1973 सालच्या एका छायाचित्रात बाहेरच्या उताराची माती घसरलेली स्पष्ट दिसते. 6 नोव्हेंबर 1977 रोजी, मुसळधार पावसात, उत्तररात्री दीडच्या सुमारास बांध फुटला. खाली एका धार्मिक महाविद्यालयाची वसाहत झोपेत होती. 39 जीव गेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशातील धोकादायक खाजगी धरणांच्या तपासणीचा आदेश दिला.

आपल्या शेजारी, चिपळूण तालुक्यात, तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. फुटल्यावर मात्र दोष आला खेकड्यांच्या माथी!

मातीचा बांध एकाएकी दगा देत नाही. पायथ्याशी गढूळ पाझर दिसू लागतो, झाडांची मुळे आत वाट करतात, सांडवा गाळाने तुंबतो आणि पाणी माथ्यावरून वाहू लागते. हे ओळखावयास मोठी विद्या लागते असे नाही. आमच्या खाजनांत बांध आणि मानस सांभाळणारी गावकरी व्यवस्था हे शतकानुशतके करीत आली.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरांहून उंच धरणांना आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरांच्या धरणांना लागू होतो. त्याखालील तळी सुटतात. तेथे होड्या, उपाहारगृहे आणि बाके येतात. विहाराच्या सोयींना आमचा विरोध नाही. मात्र अशा प्रत्येक तळ्याच्या बांधाची पाहणी पावसाळ्यापूर्वी अभियंत्याने करावी, अहवाल खालच्या वाड्यावरील पंचायतीत लावावा, आणि त्याखाली पाहणाऱ्याची सही असावी.