एक्क्यांची जोडी आणि तीन पत्तीची सवय

पुण्यात पत्त्यांशी ओळख घरातच होते. गणपतीतलं मंडळाचं जागरण, दिवाळीच्या रात्री, लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात अंथरलेल्या गाद्या. सुरुवात मेंढीकोट नाहीतर रमीने होते आणि मोठी माणसं झोपली की तीन पत्ती रंगते. पोकरशी गाठ पडते ती बरीच नंतर. महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा लागू आहे. कॅसिनोंना परवाना देणारा १९७६चा कायदा कधी अमलातच आला नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याची वाटही ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंद केली. त्यामुळे पुणेकराला पोकरचं खरं टेबल भेटतं ते पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर.

तिथे हातात पत्ते पोकरचे असतात, पण हिशेब तीन पत्तीचाच चालू असतो. तीन पत्तीत पत्ते वाटले की हात ठरला. ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, आली तर ती शोपर्यंत ट्रेलच राहते. टेक्सास होल्डेममध्ये मात्र तुमच्याकडे दोनच पत्ते असतात आणि पाच सामाईक पत्ते अजून टेबलावर उघडायचे असतात: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). चांगल्या हाताबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे.

‘मोठा हात आला की गप्प बसावं, गिऱ्हाईक पळू देऊ नये’

हा सर्वांत महागात पडणारा समज. ट्रेल हातात असताना हळूहळू चाल देत राहणं योग्यच आहे, कारण समोर पाच जण बसले तरी ट्रेल बिघडत नाही. एक्क्यांची जोडी बिघडते. समोर एकच खेळाडू कोणत्याही दोन पत्त्यांवर शेवटपर्यंत आला, तर एक्के सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. दोघे आले तर ७३, तिघे आले तर ६४, आणि नऊ जणांचं अख्खं टेबल आत आलं तर जेमतेम ३५. प्रत्येक जण तुमच्यापेक्षा मागे असतो, पण त्यांच्यातल्या कोणाचं तरी जुळण्याची शक्यता माणसागणिक वाढत जाते.

म्हणून फ्लॉपच्या आधी रेझ करायचा, म्हणजे रक्कम वाढवायची, आणि तीही पुरेशी. समजा ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा, १००-२०० आहेत आणि तिघांनी नुसते २०० भरले आहेत. पॉटमध्ये ९०० झाले. तुम्ही भीत भीत ४०० केले, तर त्या तिघांपैकी पहिल्याला फक्त २०० आणखी टाकून १३०० मिळवायची संधी असते. साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जिंकण्याची आशा असली तरी त्याचं भागतं. तो येणारच, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचेही. तुम्ही १४०० केले तर त्याला २३०० साठी १२०० घालावे लागतात. आता त्याला चौतीस टक्के शक्यता हवी. बहुतेक हात इथे गळतात, एखादाच मागे येतो. आपल्याला तोच हवा असतो.

सगळे पळाले तर? मग ९०० तुमचे. एक्के वाया गेले म्हणून हळहळणारे मी पाहिले आहेत. पण पाच जणांमध्ये एक्के खेळून पॉट गमावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एक पथ्य मात्र पाळायला हवं: ज्या आकाराचा रेझ एक्क्यांवर करता, त्याच आकाराचा रेझ इतर चांगल्या हातांवरही करा. नाहीतर तासाभरात समोरचे तुमचे पत्ते न बघता ओळखतात.

‘एक्का-बादशहा म्हणजे जवळजवळ जिंकलोच’

एक्का-बादशहा दिसतो राजेशाही, पण फ्लॉपवर दर तीन वेळांपैकी सुमारे दोन वेळा त्याची जोडीसुद्धा लागत नाही. राणीच्या जोडीसमोर तो थोडा मागेच असतो. दुर्रीच्या जोडीसमोरसुद्धा तो निम्म्याच्या किंचित खाली येतो. रेझ करण्यासाठी हात उत्तम आहे, हट्टाने धरून बसण्यासाठी नाही.

‘बादशहाची जोडी आली की नेमका एक्का उघडतो’

बादशहाची जोडी हातात असताना फ्लॉपवर निदान एक एक्का दिसण्याची शक्यता साधारण २३ टक्के. म्हणजे चारपैकी एकदाही नाही. गेलेला पॉट आठवतो, शांतपणे मिळालेले तीन आठवत नाहीत.

‘एक्के आहेत, आता शेवटपर्यंत जायचं’

इथे तीन पत्तीची सवय पुन्हा आडवी येते. तिथे २२,१०० संभाव्य हातांपैकी ७४ टक्के हातांत साधी जोडीही नसते, म्हणून जोडी म्हणजे माल वाटतो. होल्डेममध्ये सात पत्त्यांतून हात बनतो. सगळे पत्ते उघडल्यावर फक्त १७ टक्के हात जोडीविना राहतात आणि जवळपास ३९ टक्के हात दोन जोड्या किंवा त्याहून वरचे होतात. रिव्हरला नुसती एक्क्यांची जोडी म्हणजे एकच जोडी.

छोटी जोडी घेऊन मागे आलेल्याला फ्लॉपवर तिसरा पत्ता साधारण साडेआठ वेळांत एकदा मिळतो. तो मिळाला की तुमचे सगळे चिप्स काढण्याच्या तयारीनेच तो आलेला असतो. नऊ-आठ-सात असे लागोपाठचे पत्ते उघडले, आणि दोन तास गप्प बसलेल्या माणसाने टर्नला तुमच्या पैजेवर मोठा रेझ केला, तर एक्के टाकून द्यावेत. हे जमायला पत्त्यांच्या ज्ञानापेक्षा धीर जास्त लागतो, आणि तो का कमी पडतो याचं उत्तर पुढच्या गैरसमजात आहे.

‘इतका वेळ आले नाहीत, आता एक्के येणारच’

दोन पत्त्यांच्या १,३२६ जोडण्यांत एक्क्यांच्या फक्त ६. म्हणजे २२१ हातांत सरासरी एकदा. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात. सहा तास बसलात तरी जवळपास निम्म्या बैठकांत एक्के दिसतच नाहीत. मागच्या हातांची आठवण पत्त्यांना नसते. इतक्या वाट पाहण्यानंतर ते आले की माणसाला वाटतं हा पॉट आपला हक्काचाच, आणि मग ते हातून सुटत नाहीत.

‘डीलर नीट पिसत नाही’ ही तक्रारही याच वेळी सुरू होते. पत्ते पिसल्याने कॅट खरोखर किती मिसळतो, याचा सांख्यिकी अभ्यास आपल्या पुण्यातले गणितज्ञ दा. ध. कोसंबी यांनी सहलेखकासोबत केला होता. तो १९५८मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे १९९२मध्ये डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं की ५२ पत्ते दोन भागांत एकमेकांत मिसळून पिसायचे तर साधारण सात वेळा पिसावे लागतात. पिसणं अपुरं राहू शकतं हे खरं. पण आधीचा क्रम ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने पुढचा पत्ता तितकाच अनोळखी असतो. नशीब कोणाच्या बाजूने झुकत नाही.

‘मोठी चिप टाकली म्हणजे रेझ झाला’

होत नाही. तोंडाने काही न बोलता १००० ची एकच चिप पुढे सरकवली आणि भरायचे होते २००, तर प्रचलित नियमाने तो कॉल, म्हणजे नुसती बरोबरी, धरला जातो, उरलेले ८०० परत मिळतात. एक्के हातात असताना ही चूक झाली की मागचे चौघे स्वस्तात आत येतात. ‘रेझ, चौदाशे’ हे आधी मोठ्याने म्हणायचं, मग चिप्सना हात लावायचा.