मेंदूची काळजी, कानापासून

साठी ओलांडली की विसरण्याची भीती मनात घर करते. शेजारच्यांच्या जावयाचं नाव आठवेना झालं की कुणी शब्दकोडी सोडवायला सांगतं, कुणी बदाम भिजत घालतं, कुणी ब्राह्मीचं चूर्ण आणून देतं. शब्दकोड्यात आनंद आहे आणि तो जरूर घ्यावा. पण मेंदूच्या काळजीच्या गप्पांत कान, रक्तदाब आणि पाय यांची नावं फार क्वचित निघतात, याची मला मनापासून खंत वाटते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी जोडलेल्या, आपल्याला बदलता येतील अशा १४ गोष्टी मांडल्या. बालपणीच्या शिक्षणापासून म्हातारपणच्या एकटेपणापर्यंत सगळ्या सांभाळल्या गेल्या, तर जगातल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टाळता येईल किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातले सर्वांत मोठे वाटे दोन, प्रत्येकी सात टक्क्यांचे. एक वाईट कोलेस्टेरॉलचा आणि दुसरा कमी ऐकू येण्याचा.

कोलेस्टेरॉलची तपासणी आता घरोघरी होते. कानाची होत नाही.

वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा सहसा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून आजोबा म्हणतात, “ऐकू येतंय रे मला, तूच तोंडातल्या तोंडात बोलतोस.” त्यांचं खरंच असतं. आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो, शब्द पोचत नाही. अर्धवट ऐकलेलं जुळवण्यातच मेंदूची मेहनत खर्ची पडते, मग लक्षात ठेवायला बळ कमी उरतं. ऐकूच न आलेली गोष्ट आठवणार तरी कशी? घरचे मात्र ‘हल्ली फार विसरतात’ असा शिक्का मारून मोकळे होतात. मग लग्नकार्यात आजोबा कोपऱ्यातली खुर्ची धरतात, फोन दुसऱ्याच्या हातात देतात, हळूहळू बोलणंच सोडतात. हे माणसांतून उठणं मेंदूला सगळ्यांत महाग पडतं, असं मला वाटतं.

कानाच्या यंत्राने किती फरक पडतो? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर यंत्र वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात बौद्धिक घसरणीचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला. एवढ्यावरून यंत्राला रामबाण म्हणता येणार नाही. पण ते ड्रॉवरमध्ये पडून राहू नये, इतकं नक्की.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानातला मळ पाहून घ्यावा. पिन, काडी कानात घालू नये. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करावी. यंत्र आलं की पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा अंगावर येतो, कारण मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखीचे व्हावे लागतात. शांत घरात थोडा थोडा वेळ लावून सुरुवात करावी. घरच्यांनी टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावं. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत.

रक्तदाबाची गोष्ट थोडक्यात. वरचा आकडा १४०च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा १२०च्या खाली ठेवलेल्यांत सौम्य बौद्धिक घसरणीचा धोका १९ टक्क्यांनी कमी आढळला, असं अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवलं. आपला आकडा किती असावा हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं थांबायलाच हवं.

चालण्याचा पुरावा मला फार आवडतो. १२० ज्येष्ठांपैकी काहींना वर्षभर आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटांपर्यंत चालायला लावलं. आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तो आकसला. हे संशोधन २०११चं.

हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळेची पायरीही न चढलेल्यांतही हा फरक होता. निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारणीशी कन्नड बोलणाऱ्या सोलापूरच्या आजीबाईंनी यातली एकही भाषा सोडू नये, असं मला वाटतं.

आणि पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. बी-१२ फार कमी झालं की विसराळूपणा येतो, पायांना मुंग्या येतात, आणि वेळेत उपचार झाले तर हे बरंचसं सुधारू शकतं. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकतं. अशांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांना ही रक्ततपासणी आवर्जून विचारावी.