करनियोजन, परदेशी नियुक्तीवरील कर्मचाऱ्यांचे

परदेशी नोकरीसाठी गेलेल्या अथवा मालकाने तेथे पाठविलेल्या कर्मचाऱ्याने, दोन्ही देशांच्या कायद्यांच्या मर्यादेत राहून, आपला करभार किमान ठेवण्यासाठी आगाऊ केलेली व्यवस्था. उत्पन्न दडवून केलेल्या करचुकवेगिरीहून ती सर्वस्वी भिन्न होय.

या नियोजनाचा पाया ‘निवास’ ही संकल्पना आहे. भारतात सामान्य निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर प्राप्तिकर पडतो. अनिवासी व्यक्तीवर तो भारतात उद्भवलेल्या वा भारतात प्राप्त झालेल्या उत्पन्नापुरताच असतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी १८२ वा अधिक दिवस भारतात राहिला, तर निवासी ठरतो. १ एप्रिलपासून ३० सप्टेंबरपर्यंत भारतात राहिलेल्याचे १८३ दिवस भरतात. १५ सप्टेंबरला निघून वर्षअखेरपर्यंत न परतलेल्याचे १६८ दिवसच होतात. एवढ्याशा फरकाने पुढील सहा महिन्यांचे परदेशी वेतन करपात्र ठरू वा वगळले जाऊ शकते.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये, म्हणून भारताने अमेरिका (१९८९), सिंगापूर (१९९४) इ. देशांशी करार केले आहेत. अशा करारांनुसार सामान्यतः अल्पकालीन नियुक्तीचे वेतन यजमान देशात करमुक्त राहते. मात्र तेथील वास्तव्य १८३ दिवसांहून अधिक नसावे, वेतन देणारा मालक त्या देशाचा निवासी नसावा आणि वेतनाचा भार मालकाच्या तेथील स्थायी आस्थापनेवर पडू नये, या तिन्ही अटी एकत्रितपणे पुऱ्या व्हाव्या लागतात. परदेशात कर भरावा लागल्यास निवासी व्यक्तीला त्याचे श्रेय भारतातील करातून मिळते. तथापि ते त्या उत्पन्नावरील भारतीय कराहून अधिक नसते. संयुक्त अरब अमिरातीत वेतनावर प्राप्तिकर नसल्याने तेथे श्रेय घेण्याजोगा करच भरलेला नसतो. म्हणून अशा ठिकाणी जाणाऱ्यास दिवसांची मोजणी विशेष महत्त्वाची ठरते.

२०२० च्या वित्त अधिनियमाने आणखी एक बंधन घातले. परदेशी उत्पन्न वगळता १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेला आणि निवासाच्या कारणाने अन्य कोणत्याही देशात करदायी नसलेला भारतीय नागरिक निवासी मानला जातो. तथापि तो ‘सामान्य निवासी’ नसल्याने त्याच्या परदेशी वेतनावर सहसा कर पडत नाही.

काही मालक ‘करसमीकरण’ पद्धती अवलंबितात. तीत कर्मचाऱ्याच्या वेतनातून स्वदेशात पडला असता तेवढा काल्पनिक कर कापला जातो व दोन्ही देशांतील प्रत्यक्ष कर मालक भरतो. करारपत्रात तिचा स्पष्ट उल्लेख नसल्यास वाद उद्भवतात. पारपत्रावरील प्रवासनोंदी, यजमान देशाचे करनिवास प्रमाणपत्र व कर भरल्याच्या पावत्या जपणे अगत्याचे असते. प्रस्थानाचा दिवस ठरण्यापूर्वी केलेले नियोजनच फलदायी ठरते. वर्ष संपल्यावर वास्तव्याचे दिवस बदलता येत नाहीत.