गाडी रातभर थंड होऊ द्या

"गाडी रातभर इथंच राहू द्या भाऊ. गरम इंजिनवर टॅपेटले हात लावत नाही मी."

राजूर घाटाच्या पायथ्याशी, मोताळ्याच्या रस्त्यावरचं पत्र्याचं गॅरेज. माझी तक्रार साधी होती. घाट चढून बुलढाण्यात पोचलं आणि चहापुरती गाडी उभी केली, की ती पुन्हा सुरू व्हायला दहा-बारा किका घ्यायची. सकाळी थंड असताना मात्र ठीक. घाटात पूर्वीसारखी ओढतही नव्हती. आवाज म्हणाल तर नावाला नाही. महिन्यापूर्वी दुसरीकडे टॅपेट सेट करून घेतल्यापासून गाडी अगदी नव्यासारखी गप्प झाली होती. हे मी जरा कौतुकानंच सांगितलं. मेकॅनिक हसला. "थेच तं खोट हाय."

सकाळी आठला पोचलो तेव्हा तो ब्रशनं इंजिनावरची माती झाडत होता. स्प्लेंडरचं सिलिंडर जवळजवळ आडवं असतं, त्यामुळे टॅपेटची एक टोपी वर, एक खाली. खालची एक्झॉस्टची. पुढच्या चाकानं उडवलेली काळी माती तिच्याभोवती वाळून सिमेंटसारखी बसते. ती आधी खरवडायची, मगच टोपीला पाना लावायचा. नाहीतर टोपी निघताक्षणी खडा थेट हेडमध्ये.

प्लग काढला. मॅग्नेटच्या कव्हरवरची दोन्ही झाकणं उघडली. मधल्या भोकातून क्रँकच्या नटाला सॉकेट लावून तो घड्याळाच्या उलट हळूहळू फिरवू लागला, डोळा वरच्या छोट्या खिडकीवर. 'टी'ची खूण रेषेवर आली, थांबला. मला वाटलं, झालं. त्यानं आत बोट घालून रॉकर हलवून पाहिला. हलेना. क्रँकला आणखी एक पूर्ण फेरा दिला. चार स्ट्रोकच्या चक्रात पिस्टन दोनदा वर येतो. त्यातल्या कॉम्प्रेशनच्या वेळीच दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. चुकीच्या फेऱ्यावर मापलं, की सगळं काम वाया.

या वेळी वरचा रॉकर किंचित खुळखुळला. खालचा मात्र गच्चच. फिलर गेजची सगळ्यात पातळ पातीही शिरेना.

रॉकरवरचा टॅपेटचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली ही फट असते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण ती हवीच. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, त्या वाढीला जागा लागते. जागा नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. माझी गाडी गरम झाल्यावरच का रुसायची, ते आता उमगलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तर आणखी वाईट. तो आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच हेडला देतो. टेकलाच नाही तर कड जळते. आणि इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर हा व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो नि मिटतो.

उलटी गोष्टही तो समजावत होता. फट जास्त झाली तर टकटक होते, रॉकरचं टोक झिजतं, ओढ कमी होते. पण गाडी ओरडून सांगते तरी. वापरानं व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला, तर फट गुपचूप मिटते. "आवाज आला तं या. आवाज गेला तं लवकर या."

लॉकनट सैल केला. टॅपेटच्या चावीनं चौकोनी डोकं जरासं मागे फिरवलं, पाती घातली, ओढली. पुन्हा फिरवलं, पुन्हा ओढली. "पाह्य," म्हणून पाती माझ्या हाती दिली. दडपलेल्या वहीतून कागद ओढावा तशी ती निघाली, अडून नाही आणि सुळकनही नाही. मग चावी घट्ट धरून त्यानं नट आवळला आणि पुन्हा पाती घातली. नट आवळताना स्क्रू फिरतो, माप बदलतं. तिसऱ्या खेपेला ते जमलं.

मापताना त्यानं किलोमीटर विचारलेच नाहीत. "पांदणीनं जाता का?" एवढंच विचारलं. दुधाचे कॅन, खताची पोती घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये शेतरस्ता तुडवणाऱ्या गाडीचे किलोमीटर थोडे आणि इंजिनाचे फेरे फार. शर्यतीच्या डर्ट बाइकची देखभालही म्हणूनच किलोमीटरवर नव्हे, इंजिन किती तास चाललं यावर ठरते. त्यातल्या पुष्कळांना स्क्रूच नसतो. कॅमशाफ्ट उतरवून व्हॉल्व्हवरची इवलीशी चकती बदलावी लागते, जाड किंवा पातळ. आमच्याकडची डर्ट बाइक म्हणजे ही 97.2 सीसीची, चावीनं सेट होणारी. 1994 साली आलेली स्प्लेंडर पांदणीवर टिकली, त्यात रस्त्याकडेच्या गॅरेजात उघडता येणाऱ्या या दोन टोप्यांचाही वाटा आहे.

टोप्यांचे रबरी ओ-रिंग पुसून बसवले, प्लग लावला, किक मारली. इंजिनातून बारीक टिकटिक येऊ लागली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हात पुसत होता.

घाट तिसऱ्या गिअरवर चढलो. वर चहा घेतला, मुद्दाम दोन कप. परतलो तेव्हा इंजिन हात लावू न देण्याइतकं तापलेलं होतं. पहिल्याच किकेत लागलं. शेजारी उभा असलेला कान देऊन म्हणाला, "टॅपेट वाजून राह्यले भाऊ, टाइट करून घ्या."